दहाला उठणारा ट्रॅक्टर

"मिस्त्री, लिफ्ट उचलंना झालीया."

माझ्या धंद्यातल्या निम्म्या ओळखी, निम्मी भांडणं आणि जवळजवळ सगळा प्रवास या एका वाक्यापासून सुरू झाला. आधी एका शोरूमच्या सर्व्हिस खात्यात आणि नंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या स्वतःच्या गॅरेजात मी जन्मभर ट्रॅक्टरच दुरुस्त केले. अलीकडची बरीच वर्षं तर फक्त मिनी ट्रॅक्टर. आता गुडघे ट्रॅक्टरखाली जायला तयार होत नाहीत, म्हणून वर खुर्चीवर बसून लिहितोय.

मिनी ट्रॅक्टर म्हणजे उसाच्या दोन सऱ्यांमधून अंग चोरून जाणारा लहान ट्रॅक्टर. पूर्वी जिथे बैल जायचे तिथे आता हा जातो. त्याचं इंजिन पुढे असतं, पण शेतकऱ्याचं सगळं काम चालतं मागे. तिथे ताकद दोन वाटांनी पोचते. एक वाट तेलाची. पंप तेल दाबतो, ते तेल मागचे दोन हात वर ढकलतं आणि त्या हातांना जोडलेलं अवजार उचललं जातं. ही झाली लिफ्ट. दुसरी वाट म्हणजे मागे बाहेर आलेला एक फिरता दांडा, पीटीओ. त्याला शाफ्ट जोडला की माती भुसभुशीत करणारा रोटर फिरतो, फवारणीचा पंप चालतो, कडबाकुट्टीसुद्धा चालते. एवढं समजलं की निम्मा मिस्त्री झालात. उरलेला निम्मा व्हायला मात्र जन्म जातो, कारण ट्रॅक्टरचं दुखणं आपल्याला त्याच्या मालकाकडून ऐकावं लागतं.

आणि मालक काही सांगत नाहीत! "काय केलं नव्हतं, उभ्या उभ्या बंद पडला," हे मी इतक्यांदा ऐकलंय की एखादा खरंच उभ्या उभ्या बंद पडला तरी माझा विश्वास बसत नाही. एक पावणं शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट मागून आणून आपल्या मिनीला लावून बसले होते. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात, त्यांना सरकायला जागा लागते. हा शाफ्ट वीतभर लांब. लिफ्ट वरखाली होताना नळ्यांची जागा संपली आणि शाफ्टनं पीटीओचं घरच फोडलं. मी शाफ्ट हातात धरून विचारलं, "हा कुणाचा?" तर म्हणाले, "ट्रॅक्टराचाच की!" उत्तर खोटं नव्हतं.

नृसिंहवाडीच्या वाटेवरच्या एका गावातले निवृत्त गुरुजी तर वेगळीच तक्रार घेऊन आले. लिफ्ट वर गेली ती खालीच येईना. आठवडाभर रोटर हवेत. गुरुजींनी वाडीला जाऊन दत्ताला नारळ फोडला आणि मग मला फोन केला. मी गेलो. सीटखाली एक गोल फिरकी असते, लिफ्ट किती हळू खाली यावी ते ठरवणारी. ट्रॅक्टर धुताना कुणीतरी ती गच्च आवळली होती, त्यामुळे तेलाला परत यायची वाटच बंद. मी दोन आटे सैल केले, रोटर अलगद जमिनीवर टेकला. गुरुजी हात जोडून म्हणाले, "नारळ फोडला म्हणूनच तुम्ही भेटलासा." माझ्या कामाचं श्रेय देवाला गेलं, पण देवानं निदान माझं नाव सुचवलं होतं.

हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी एक गोष्ट मला कायम सलत आली. फिरत्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर येतं. ते खडखडतं, पाचट अडकलं की काढायला त्रास होतो, म्हणून आमच्याकडे लोक ते पहिल्या हंगामातच काढून कोपऱ्यात टाकतात. शाफ्टला माणसाचा टॉवेल आणि उसाचं पाचट यांतला फरक कळत नाही. टॉवेलापाठोपाठ ओढला गेलेला एक हात मी पाहिलाय. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे लागायचो की कव्हर बसवा, आणि प्रत्येक जण "बसवतो की" म्हणून चहा सांगायचा. कुणी बसवत नव्हतं.

म्हणून शिरोळ भागातल्या एका गावात, एका गोठ्यापुढे उभ्या असलेल्या मिनी ट्रॅक्टरच्या शाफ्टवर कव्हर पाहिलं, तेव्हा मी बिघाड विचारायच्या आधी मालकाला भेटायचं ठरवलं.

मालक नव्हे, मालकीण निघाली. सुरेखाअक्का. वय चाळिशीच्या पुढे, साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्याला रुमाल. नवरा गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर रस कढवून गूळ उतरवणारा. हंगाम सुरू झाला की तो घरी फक्त झोपायला. ट्रॅक्टर हीच चालवायची. घरचा ऊस तर होताच, शिवाय गावातल्या निम्म्या फडांची भरणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावायचं काम, तिच्याकडे होतं. घरापुढच्या बाजेवर तिचे सासरे बसले होते. गाव त्यांना दत्तूआप्पा म्हणायचं, सून मामा म्हणायची.

"कव्हर तुम्ही ठेवलंसा?" मी विचारलं.

"व्हय. खडखडतंय, खडखडू दे. माझा पदर जाण्यापरीस ते बरं."

मला तिथल्या तिथे बाई आवडली.

मग तिनं दुखणं सांगितलं, आणि असं सांगितलं की मी पाना खाली ठेवून ऐकत राहिलो. तक्रार दसऱ्यानंतर सुरू झाली. सकाळी ट्रॅक्टर चालू केला की लिफ्ट उचलत नाही, पंप कण्हतो. दहा-साडेदहा वाजले की लिफ्ट हळूहळू उचलायला लागते आणि दुपारी अगदी नव्यासारखी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. आधी आलेल्या एका मिस्त्रीनं पंप बदलला होता. दुसऱ्यानं दाबाचा स्क्रू आवळला होता. फरक शून्य. त्या दोघांना मी नावं ठेवणार नाही, मीही तेच केलं असतं.

"मग भरणीची कामं थांबवलीसा?"

"थांबीवतोय कशाला? सकाळी मागं कुट्टी जोडतो. घरची वैरण बारीक करतो, शेजाऱ्याची करतो, त्येच्या शेजाऱ्याची करतो. पीटीओ तासभर फिरला की लिफ्ट उठती. मग रोटर जोडून फडात जातो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'करतो', 'जातो' असंच बोलतात.

मी थक्क झालो. मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरचं, पीटीओचं आणि लिफ्टचं तेल एकाच घरात असतं. पीटीओवर कुट्टी चालवली की आतलं तेल तापतं, आणि हिची लिफ्ट तापल्या तेलावर चालत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज आजारी ट्रॅक्टरपाशी उभं राहून तिनं त्याची नाडी पकडली होती.

पण गाव नाडीबिडी बघत नाही. एका सकाळी, हे सगळं ध्यानात यायच्या आधी, सरीच्या टोकाला वळताना लिफ्ट उचलली नाही आणि रोटरनं एका बागायतदाराचा उभा ऊस वळणभर कापला. तेव्हापासून बोलणी सुरू झाली. बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं की असंच होणार. बाईचा ट्रॅक्टर दहाला उठतो. दूध डेअरीवर सकाळी किटल्या घेऊन येणारी माणसं ती पुढून गेली की घड्याळाकडे बघून हसायची. भरणीची कामं एकेक करून कमी व्हायला लागली होती.

आप्पांना ते सोसलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर विकायचं ठरवलं. हुपरीचा एक चांदीवाला नवीन शेती घेऊन बसला होता, तो त्याच दिवशी बघायला यायचा होता. मला बोलावलं होतं ते आप्पांनी, आणि तेही गिऱ्हाइकापुढे लिफ्ट उचलावी एवढ्यासाठीच.

"आमच्या हातनं हे न्हाय व्हायचं, मिस्त्री," आप्पा बाजेवरून म्हणाले. "पोरीला लोक नावं ठेवत्यात. इकून मोकळं हुयाचं."

सुरेखाअक्का मान खाली घालून शाफ्टवरची धूळ पुसत होती. हळूच मला म्हणाली, "मिस्त्री, ह्यो गेला की मी परत खुरपं घेऊन दुसऱ्याच्या बांधाला. एवढं ध्यानात ठिवून बगा." असं काही कुणी सांगितलं की हातातला पाना जड होतो.

मी सकाळी लवकर पोचलो होतो, ट्रॅक्टर थंड होता. चालू करून कान लावला. पंप खरंच कण्हत होता. हे कण्हणं उपाशी पंपाचं असतं, म्हणजे त्याला तेल ओढायला मिळत नाही. तेल मोजायची पट्टी काढून बघितली, तेल भरपूर. रंगही चांगला. पाणी शिरलं असतं तर तेल ताकासारखं दिसलं असतं, तसंही नाही. आणि आमच्या धंद्यातला साधा नियम असा की पंप झिजला तर थंडपणी लिफ्ट बरी चालते आणि तेल तापून पातळ झालं की बसते. इथे सगळं उलटं. मी दोनदा प्रदक्षिणा घातली. डोकं चालेना.

"मिस्त्री, एक इचारू? हसशीला," ती म्हणाली.

"इचारा की."

"ऑइलाला मुंग्या लागत्यात का वो?"

मी हसलो. शपथेवर सांगतो, मोठ्यानं हसलो.

ती चिडली नाही. वाकून ट्रॅक्टरच्या पोटाखाली बोट दाखवलं. तेल सोडायच्या बोल्टाखाली फरशीवर एक काळा ठिपका होता, आणि गोठ्याच्या भिंतीपासून त्या ठिपक्यापर्यंत मुंग्यांची रांग. "रोज झाडून काढतो. रोज येत्यात. दुसऱ्या ठिपक्यावर बसत न्हाईत, ह्येच्यावरच."

माझं हसू गेलं. मी आडवा पडून आत सरकलो. बोल्टाशी लोंबणारा थेंब बोटावर घेतला, चोळला. तेल निसरडं असतं, हा थेंब बोटं एकमेकांना चिकटवत होता. वास घेतला, कळेना. मग जे कुठल्याच मिस्त्रीनं करू नये ते केलं. जिभेला लावला.

गोड!

"अक्का," मी खालूनच ओरडलो, "ह्येच्यात काकवी हाय!"

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. गूळ व्हायच्या आधी रस आटत आटत मधासारखा दाट होतो, ती काकवी. गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. भांडं न्या, भरून मिळतं. आणि भांडं म्हणजे हाताला लागेल ते, बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या ऑइलचा धुतलेला प्लास्टिक कॅन. कोल्हापूर सोडून जगात कुठे खायचा पदार्थ आणि ट्रॅक्टरचं तेल एकाच रंगात, एकाच कॅनमध्ये, एकाच फळीवर शेजारी शेजारी नांदत असतील असं मला वाटत नाही.

काकवी तेलात मिसळत नाही. जड असते, तळाला बसते. आणि पंपाला तेल पुरवणारी जाळी तळाशीच असते. सकाळी थंडीनं काकवी घट्ट, जाळी बंद, पंप उपाशी. तेल तापलं की काकवी पातळ, जाळी मोकळी, लिफ्ट खुशीत. पट्टीवर मात्र वरचं चांगलं तेलच दिसायचं. सगळं कोडं एका थेंबात सुटलं.

तेल उतरवून जाळी बाहेर काढली तर ती चिक्कीच्या वडीसारखी झाली होती. मी सवयीनं डिझेलमध्ये बुडवली, ब्रशनं घासली. काही हलेना.

"काकवी डिझेलला दाद देत न्हाय, मिस्त्री. गरम पाणी लागतंय," म्हणत तिनं चुलीवर हंडा चढवलासुद्धा. पाणी म्हणजे या तेलाच्या घराचा वैरी, जन्मभर मी लोकांना तेच सांगत आलो. त्या दिवशी मीच कढत पाणी मागून घेतलं. जाळी दोन मिनिटांत चांदीसारखी निघाली. मग आतला तळ गरम फडक्यानं पुसला, पुन्हा कोरड्यानं पुसला, सगळं उन्हात वाळवलं.

हे चाललं असताना आप्पा बाजेवरून उठून आमच्यापाशी आले होते. गोठ्यातल्या फळीवर ऑइलचा आणि काकवीचा असे दोन सारखेच कॅन होते, ते त्यांनी खाली घेतले. एकाचं झाकण काढून वास घेतला. दुसऱ्याचं काढून घेतला. मग डोळ्यांपाशी नेऊन बघितलं. सुरेखाअक्कानं ते पाहिलं आणि चटकन मान फिरवली. तिला माझ्या आधी कळलं होतं.

"खंडेनवमीला पुजा केली," आप्पा सावकाश म्हणाले. "म्हटलं, सणाच्या दिशी त्येचं प्वाट भरल्यालं असावं. जरा कमी वाटलं, म्हून मागनं ओतलं. डोळ्याला दिसतंय कुठं आता?"

"ऱ्हाऊ दे, मामा," ती म्हणाली. "मिस्त्रीनी काढली की समदी. ट्रॅक्टराला म्हाईत न्हाय कुणी वतली ते."

एवढंच बोलून ती हंडा उतरवायला गेली. महिनाभर जिला गावानं नावं ठेवली त्या बाईनं, आवाजही न चढवता, म्हाताऱ्याला चुकीतून बाहेर पडायला वाट करून दिली. मी बरीच मोठी माणसं जवळून पाहिली आहेत, त्यांतल्या फार थोड्यांना हे जमलं असतं.

पण आप्पांना ती वाट नको होती. तेवढ्यात हुपरीचे पावणं मोटरसायकलवरून आले. सुटे भाग पसरलेले बघून त्यांनी विचारलं, "मोठं काम निघालं का?"

"ट्रॅक्टर द्यायचा न्हाय," आप्पा म्हणाले.

"का वो? ठरलंतं की आपलं."

"ठरलंतं, पर ते बिघाडलाय म्हून. बिघाडला नव्हता. म्या त्येला काकवी पाजली." पावण्यांना काहीच कळलं नाही. ते चहा पिऊन, डोकं खाजवत परत गेले.

नवीन तेल भरून लिफ्ट उचलून दाखवली, पण खरी परीक्षा सकाळच्या गारठ्यात होती. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पुन्हा गेलो. अंगणात पोचलो तर रोटर जोडलेला, सुरेखाअक्का सीटवर, आणि आप्पा धुतलेलं धोतर, कडक टोपी अशा थाटात मडगार्डवर बसलेले.

"चालू कर," ते म्हणाले. "आनी हितं नगो उचलू. डेअरीवर चल."

"मामा, कशाला?"

"चल म्हटलं न्हवं?"

मी मागून गाडी घेतली. डेअरीवर दुधाची वेळ, किटल्यांची गर्दी. सकाळच्या सातच्या सुमाराला हा ट्रॅक्टर बाहेर आलेला बघून दोघातिघांनी हसून घड्याळं बघितली. आप्पांनी बरोबर त्यांच्यापुढे ट्रॅक्टर थांबवायला लावला. इंजिन चालूच. रात्रभर गार पडलेलं तेल, कुट्टी नाही, काही नाही. जाळीत कुठे चिकटून राहिलं असलं तर या बाईची शोभा मीच सगळ्या गावापुढे करणार होतो.

"उचल," आप्पा म्हणाले.

तिनं लिव्हर ओढली. रोटर एका दमात वर गेला.

"उतरीव. आनी उचल."

पुन्हा वर. पंपाचा हूं की चूं नाही.

आप्पा मडगार्डवर उभे राहिले. एका हातानं सुनेचा खांदा धरला. "ऐका रं समदी! ट्रॅक्टर म्या बिघाडला हुता. मला दिसंना, ऑइल समजून काकवी वतली. हिनं त्यो तसला ट्रॅक्टर चालवून तुमच्या भरण्या केल्या. हिच्या हाताला ज्येनी ज्येनी नावं ठेवली, त्येनी आता माझं नाव घ्या. दत्तू म्हनत्यात मला."

कुणी हसलं नाही. किटल्या हातात धरून माणसं उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आणि क्लचवर पाय, लिव्हरवर हात असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. खरं सांगतो, माझेही डोळे भरले. ऊस कापला गेलेला तो बागायतदार पुढे आला. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "अक्का, आमच्या ऱ्हायल्याल्या भरणीला कवा येशीला?"

तिनं लिव्हर सोडून शर्टाच्या बाहीनं एकदा डोळे पुसले.

"संक्रांतीपतोर न्हाय जमायचं," ती म्हणाली. "नंबर लावा." आणि गिअर टाकून, म्हाताऱ्याला तसंच मडगार्डवर घेऊन, ती फडाकडे निघून गेली.